थेंब पडतो तिथला ढग

झिंक नायट्रेटच्या द्रावणात ब्युरेटमधून (तोटी असलेल्या काचेच्या नळीतून) कॉस्टिक सोडा सोडताना प्रत्येक थेंब पडतो त्या जागी क्षणभर पांढरा ढग उठतो आणि ढवळणी कितीही जोरात फिरत असली तरी तो विरायला थोडा वेळ लागतोच. अवक्षेपाच्या, म्हणजे द्रावणातून बाहेर पडणाऱ्या घन पदार्थाच्या, कणांच्या आकारमानाचा निम्मा निकाल तिथेच लागतो, असे माझे मत आहे. बीकरमधल्या बाकी द्रावणाचा सामू (pH) 7 च्या आसपास असला तरी त्या ढगाच्या पोटात तो कितीतरी जास्त असतो. अतिसंपृक्तता, म्हणजे विरघळून राहू शकेल त्याहून जास्त माल द्रावणात असणे, तिथे एकदम चढते आणि असंख्य केंद्रके, म्हणजे कणांची इवली बीजे, जन्माला येतात. पुढच्या थेंबाबरोबर नवी केंद्रके जन्मत असताना आधीची वाढतच असतात, त्यामुळे अर्धा तास थेंब सोडले की हाती येतात ते अर्ध्या तासातल्या निरनिराळ्या वयांचे, म्हणजेच लहानमोठे कण.

ला मेर आणि डिनेगर या रसायनशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये गंधकाच्या कलिलांसाठी (द्रवात तरंगत्या अतिसूक्ष्म कणांसाठी) मांडलेले चित्र नेमके याच्या उलट आहे : केंद्रके एकाच छोट्या झटक्यात तयार व्हावीत आणि त्यानंतर द्रावणात उरलेला माल फक्त त्यांच्या वाढीला मिळावा. त्याच्या जवळ जाण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे थेंबच टाळणे. द्रावणात आधीच युरिया विरघळवून ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की युरियाचे हळूहळू विघटन होऊन अमोनिया हा अल्क सगळीकडे सारखाच सुटतो. यिट्रियम या धातूच्या क्षाराच्या विरल द्रावणातून अशा रीतीने एकसारखे गोल कण मिळतात. ते असतात बेसिक कार्बोनेटचे, पण भाजून ऑक्साइड केल्यावर ते आकसले तरी गोलच राहतात.

कणांची घडण, म्हणजे आकृती, बदलायची असेल तर मात्र एखाद्या पदार्थाला स्फटिकाच्या ठरावीक पृष्ठाला चिकटवावे लागते. झिंक ऑक्साइड एका अक्षाच्या दिशेने भराभर वाढते म्हणून त्याच्या षट्कोनी कांड्या होतात. सायट्रेट त्या कांडीच्या टोकाचे पृष्ठ अडवते आणि कांडीऐवजी चपटी चकती मिळते. हेमॅटाइटच्या (लोहाच्या एका ऑक्साइडच्या) बाबतीत अगदी थोडे फॉस्फेट कणांना चातीसारखे लांबट करते.

एवढे सांभाळूनही माझे चांगले कण वाया गेले ते धुण्यात. कॉस्टिक निघून जाताना सामू 9 च्या आसपास आला की झिंक ऑक्साइडच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार जवळजवळ नाहीसा होतो आणि कण एकमेकांना बिलगतात; ओव्हनमध्ये उडून जाणारे पाणी केशाकर्षणाने त्यांना आणखी आवळते. वाळलेले खडे मी खलात कितीतरी वेळ कुटले, पण मूळचे कण काही सुटे झाले नाहीत. हल्ली शेवटचे धुणे इथेनॉलने करतो आणि ओव्हन लावण्यापूर्वी ओल्या अवक्षेपाचा एक थेंब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जाळीवर काढून ठेवतो.