पोरस जिंकला होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी इतिहास शिकवते हे कळलं की लोक, मग ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले असोत नाहीतर वर्गातली पोरं, हमखास एक गोष्ट विचारतात. मॅडम, खरं सांगा, पोरसनेच सिकंदरला हरवलं होतं ना, आणि ग्रीकांनी ते लपवलं ना? विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं की त्याला हो ऐकायचंय. दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

तर नाही. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस हरला. जबरदस्त लढला, पण हरला.

पुरावा हवा असेल तर नकाशा उघडा. लढाई झेलमवर झाली आणि अलेक्झांडर तिथून पूर्वेला गेला, चिनाब ओलांडली, रावी ओलांडली, संगल नावाचं गाव वेढा घालून घेतलं आणि थेट बियासपर्यंत पोचला. झेलमवर मार खाल्लेलं सैन्य शत्रूच्या मुलखातून आणखी तीन नद्यांपर्यंत पुढे जाईल का? आणि संगलच्या वेढ्यात त्याच्या मदतीला हत्ती आणि पाच हजार माणसं घेऊन कोण आलं होतं माहितीये? पोरस स्वतः. शिवाय जिथे लढाई झाली तिथेच अलेक्झांडरने निकाइया नावाचं शहर वसवलं, विजयाचं शहर म्हणून.

यावर लगेच ऐकू येतं की हे सगळं ग्रीकांनीच लिहिलंय, ते कशाला खरं सांगतील. शंका रास्त आहे आणि ती घेतलीच पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत या स्वारीचा उल्लेखच नाही, आणि ज्यांच्यावर आपण विसंबतो ते लेखकसुद्धा फार नंतरचे, डायोडोरस जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचा आणि एरियन तर साडेचारशे. अलेक्झांडरबरोबर असलेल्या टॉलेमी आणि अ‍ॅरिस्टोब्युलस यांनी जे लिहिलं होतं ते हरवलंय, एरियन त्यांच्यावरून लिहितो एवढंच. पोरसकडे हत्ती किती होते हे बघा ना, एरियन २०० म्हणतो, डायोडोरस १३०, कर्टियस ८५. पण हेच लेखक सांगतात की अलेक्झांडरने दारूच्या नशेत क्लायटसला, म्हणजे ज्याने ग्रॅनिकसच्या लढाईत त्याचा जीव वाचवला त्याच माणसाला, भाल्याने मारलं. सैन्याने बियासवर पुढे यायला नकार दिला हेही तेच सांगतात, मकरानच्या वाळवंटात पाण्यावाचून माणसं मेली हेही तेच. इतकं सगळं उघड लिहिणाऱ्या सगळ्यांनी मिळून एक पराभव तेवढा दाबून टाकला हे मला पटत नाही.

लढाईबद्दल मात्र बोलायलाच हवं कारण ती खरंच विलक्षण आहे. नदी फुगलेली, पलीकडच्या काठावर हत्तींची रांग, आणि ग्रीकांचे घोडे हत्तीला बुजणारे. अलेक्झांडर रोज रात्री घोडदळ काठाने इकडून तिकडे पळवायचा, आरडाओरडा, रणशिंगं, आणि पोरस प्रत्येक वेळी आपलं सैन्य घेऊन समोर हजर, असं होत होत शेवटी पोरसच्या लोकांनी लक्ष देणं सोडलं. मग एका वादळी रात्री, ढग गडगडत असताना, क्रेटेरस या आपल्या सेनापतीला छावणीत मागे ठेवून तो नदीच्या वरच्या अंगाला साधारण २५-२७ किलोमीटर गेला आणि तिथल्या झाडीने भरलेल्या बेटाच्या आडून पार झाला. पलीकडे उतरल्यावर कळलं की तेही बेटच आहे आणि अजून एक प्रवाह पार करायचाय, छातीपर्यंत पाण्यातून. पोरसने पाठवलेले रथ चिखलात रुतले, त्यांच्याबरोबर आलेला त्याचा मुलगा मारला गेला. कर्टियस म्हणतो की भारतीयांची मोठी धनुष्यं जमिनीवर टेकवून ओढावी लागायची आणि ओल्या निसरड्या जमिनीत ती टेकेनात. पुढे कोंडीत सापडलेले हत्ती बिथरले आणि दोन्ही बाजूंची माणसं तुडवत सुटले. पोरस शेवटपर्यंत हत्तीवर होता, खांद्याला जखम झालेली, तरी तहाचा निरोप घेऊन आलेल्या तक्षशिलेच्या आंभी राजावर त्याने भाला उगारला, कारण आंभी त्याचा जुना वैरी.

त्यानंतरचं ते ‘राजासारखं वागव’ सगळ्यांना पाठ असतं. पण पोरसचं पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. अलेक्झांडरने राज्य परत दिलं, वर आणखी मुलूख दिला, आणि अलेक्झांडर मेल्यावर काही वर्षांतच युडेमस नावाच्या मॅसेडोनियन सेनापतीने पोरसला दगा देऊन मारलं आणि १२० हत्ती घेऊन तो पश्चिमेला आपापसातल्या भांडणात लढायला गेला.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगते कारण उत्तर ‘नाही’ असं आलं की काही जण खट्टू होतात आणि काही जण उलट खूश होऊन म्हणतात, म्हणजे अलेक्झांडर ग्रेटच होता. सेनापती म्हणून होता, यात मला शंका नाही. सूर हे लेबनॉनमधलं शहर तेव्हा बेट होतं, त्याने इ.स.पू. ३३२ मध्ये सात महिने खपून समुद्रात भराव टाकला आणि ते घेतलं, त्या भरावाला गाळ साचून साचून आज ते बेट राहिलेलंच नाही, जमिनीला जोडलं गेलंय. असं डोकं आणि अशी चिकाटी क्वचित दिसते. पण ते घेतल्यावर, एरियनच्याच आकड्यानुसार, तीस हजार माणसं गुलाम म्हणून विकली. याच्यापुढे ‘पण त्या काळात असंच चालायचं’ असं म्हणून पुढे सरकायचं मला जमत नाही. त्या काळातल्या लोकांनाही हे सलत होतं.

मस्सगचं प्रकरण घ्या. हे गाव स्वातच्या भागात, अश्वक नावाच्या जमातीचं. तिथे भाडोत्री लढवय्ये होते, मैदानी मुलखातले, एरियन सात हजार म्हणतो. वेढा पडला, त्यांचा प्रमुख मारला गेला, बोलणी झाली आणि ठरलं की ते अलेक्झांडरच्या सैन्यात सामील होतील. हत्यारांसकट गावाबाहेर आले, समोरच्या टेकडीवर तळ टाकला. एरियन म्हणतो, इतर भारतीयांशी लढायचं नाही म्हणून रात्रीतून घरी निघून जायचा त्यांचा बेत होता, तो कळला म्हणून अलेक्झांडरने टेकडीला वेढा घालून त्यांना कापून काढलं. प्लुटार्क बेताबिताचं काही बोलत नाही, तो सरळ म्हणतो की शब्द देऊन वाटेत मारलं आणि त्याच्या लढायांवरचा हा डाग आहे. डायोडोरसमध्ये तर पुरुष पडल्यावर बायकांनी त्यांची हत्यारं उचलून लढल्याचं वर्णन आहे. आपण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजांपैकी कोण जिंकलं यावर तासन्‌तास भांडतो, आणि या टेकडीवरच्या माणसांचं, ज्यांनी बहुधा फक्त घरी जायचं ठरवलं होतं, नावसुद्धा काढत नाही, याचा मला मनापासून राग येतो. मल्ल नावाच्या जमातीच्या गावात अलेक्झांडर स्वतः भिंतीवरून आत उडी मारून छातीत बाण खाऊन पडला, ते शौर्य सगळे सांगतात. चिडलेल्या सैनिकांनी मग आतल्या बायकापोरांनाही सोडलं नाही, हेही एरियननेच त्याच पानावर लिहिलंय.

इराणी बाजूने बघितलं तर चित्र आणखी वेगळं. पर्सेपोलिसचा राजवाडा इ.स.पू. ३३० मध्ये जाळला गेला, आणि झरथुष्ट्री परंपरेत अलेक्झांडर हा धर्मग्रंथ जाळणारा, शापित माणूस आहे. आपल्या मुंबईतल्या पारशी समाजाच्या जुन्या ग्रंथांत ही आठवण आहे, तेव्हा जगाने त्याला महान ठरवलं असं सरसकट म्हणता येत नाही.

‘मग मागे काय ठेवलं त्याने?’ हा प्रश्न कमी लोक विचारतात पण तो खरा चांगला आहे. राज्य नाही ठेवलं. इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बाबिलोनला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला तेव्हा वारस बायकोच्या, रोक्सानाच्या, पोटात होता, आणि पुढे तो मुलगा, रोक्साना, अलेक्झांडरची आई, सावत्र भाऊ, सगळे मारले गेले. बाबिलोनच्या ज्योतिषांच्या मातीच्या पाटीवर त्या दिवशीची नोंद आहे, राजा मेला, आणि पुढे आकाशात ढग. ते लोक रोज आकाशाची नोंद ठेवायचे आणि त्याच ओळीत हेही लिहून मोकळे झाले.

संस्कृतींचा मिलाफ वगैरे जे म्हणतात तो झाला, पण तो त्याच्या योजनेने झाला असं मला वाटत नाही. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात, त्याने जे ग्रीक बसवले होते ते त्याच्या मरणानंतर हजारोंनी उठले आणि घरची वाट धरली, आणि त्यांना मॅसेडोनियन सैन्यानेच मारलं. जे उरले, जे नंतर आले, त्यांनी मुलं वाढवली, नाणी पाडली, शेजाऱ्यांची भाषा शिकले. अलेक्झांडरचा एक सेनापती सेल्युकस, त्याने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून ५०० हत्तींच्या बदल्यात मुलूख सोडला, चंद्रगुप्ताच्या नातवाने, अशोकाने, कंदाहारला ग्रीकमध्ये लेख कोरला. विदिशेजवळ तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. आणि आपल्या नाशिकला पांडवलेण्यांत सतरा नंबरच्या लेण्यात लेख आहे, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक, म्हणजे यवन किंवा ग्रीक, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, त्याने हे लेणं खोदवून भिक्षुसंघाला दिलं. कार्ल्याच्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवनांची दानं आहेत. हे लोक अलेक्झांडरच्या सैनिकांचे वंशज होते असं म्हणायला कसलाही आधार नाही, मधे चारशे वर्षांच्या आसपास गेलीत. पण यवन म्हणून ओळख असलेला माणूस इंद्र-अग्नीच्या नावाने बुद्धाच्या संघाला सह्याद्रीत दान देतो, ही गोष्ट मला झेलमच्या लढाईपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

वर्गातल्या पोरांना मी आता एक काम देते, तुम्हीही करून बघा. मस्सगचं प्रकरण आधी एरियनमध्ये वाचा, मग प्लुटार्कमध्ये, मग डायोडोरसमध्ये, एकाच बैठकीत, आणि प्रत्येकाने काय सांगितलं आणि काय सोडलं ते वहीत शेजारीशेजारी लिहा. पोरसचा प्रश्न त्यानंतर घेऊन या, मी तासभर बसेन.