दान करायले तीन हजार फी देली

२०२३ च्या ऑगस्टमधे बाबा गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर, सगळी नोकरी घाटंजी तालुक्यातच, अन् मागे सहा लाखाची एफडी. दवाखान्यात मले म्हणाले होते, यातले काही पोरांच्या शिक्षणाले लाव. कोणत्या पोरांच्या, किती, कसे, काहीच नाही सांगतलं. मास्तर माणूस, प्रश्न देऊन मोकळा.

तेरवीपासूनच सल्ले सुरू झाले. सरपंच म्हणे गावात शिरताना गुरुजीच्या नावाची कमान करू. काका म्हणे ट्रस्ट काढ, नाव राह्यते अन् टॅक्सबी वाचते. एक जण तं पावतीबुक घेऊनच घरी आला, वसतिगृह काढून राहिलो म्हणे, ५० हजार नगदी द्या, पावती आत्ताच फाडतो. मायनं चहा पाजला अन् लावून देलं.

मी यवतमाळले नोकरीत आहो, रिटर्न भरायले एका सीए मॅडमकडे जातो, त्यांनाच इचारलं. ह्या कामाची वेगळी फी, तीन हजार. काका हसलेच, "दान करायले कोणी पैसे देऊन इचारते का बे?" खरं सांगू तं मलेही तसंच वाटून राहिलं होतं.

मला वाटलं मॅडम सरळ एखाद्या संस्थेचं नाव सांगतील. त्यांनी पहिलं इचारलं, एफडीवर नॉमिनी कोण? माय. वारस किती? माय, मी, बहीण. "ताईला विचारलं?" मी म्हटलं ती काही नाही म्हणणार नाही. "म्हणजे विचारलं नाही." नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण तो फक्त सांभाळणारा, हक्क वारसांचा, अन् पोरीचा पोराइतकाच, हे मले माहीत नव्हतं असं नाही बरं, पण दोन महिने घरात एवढी चर्चा झाली, काका, सरपंच, शेजारी सगळे बोलले, अन् जिचा तिसरा हिस्सा आहे तिले एक फोन नाही. मान खाली घालून बसलो.

दुसरा प्रश्न मायचा. वय ६८, शुगर, फॅमिली पेन्शन सुरू. मॅडम म्हणाल्या आधी दोन लाख त्यांच्या दवाखान्यासाठी बाजूला काढा, मग दानाचं बोला. म्हणजे राहिले चार.

मग टॅक्स. मी नव्या रिजिममधे, त्यात ८०जी, म्हणजे दानावरची टॅक्स सूट, चालतच नाही. जुन्यात गेलो तर सूट मिळते, पण बहुतेक संस्थांना दिलेल्या दानाच्या अर्ध्याच रकमेवर, वर उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा, अन् नगदी २,००० च्या वर देलं तर काहीच नाही. माझा हिशोब त्यांनी दोन्हीकडून करून दाखवला, मले नवीच स्वस्त पडत होती. मायचं उत्पन्न टॅक्समधे बसतच नाही. फायदा शून्य! काकाले सांगतलं तं म्हणे, "मंग दान कायले करून राहिला?"

ट्रस्टचंही तसंच झालं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ट्रस्टी शोधा, पॅन काढा, मग १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाले टॅक्समाफी) अन् ८०जी चे अर्ज, ते पुन्हा काही वर्षांनी नवीन करा, दरवर्षी हिशोब, ऑडिट, अन् एखादा ट्रस्टी मेला का सोडून गेला तर ९० दिवसांत बदल अर्ज. चार लाखाचं वर्षाचं व्याज सात टक्क्यांनी २८ हजार, त्यातले निम्मे तं कागदातच जातील. मी म्हटलं गाडगेबाबांनीबी धर्मशाळा ट्रस्टच्याच नावावर केल्या न. मॅडम हसल्या, "तुमच्या किती धर्मशाळा आहेत?"

माझ्या मनात पोरींना सायकली होत्या. त्या म्हणाल्या आधी शाळेत इचारून या. गेलो. मुख्याध्यापक सर म्हणे सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकली येतात, निळी बस आहे, एसटीचा पास पोरींना बारावीपर्यंत फुकट आहे, तुमच्या सायकली घेऊन कुठं ठेवू?

मग ताईले फोन केला, ती पांढरकवड्याले राह्यते. आधी पाच मिनिटं ऐकून घेतलं तिचं, तेही बरोबरच होतं. मग म्हणे, "बारावीनंतरच्या पोरींचं पाह्य. घरात एक खोली, टीव्ही चालू, स्वयंपाक त्याईच्याच गळ्यात, अन् भरतीचा अभ्यास करून राहिल्या. तालुक्याच्या वाचनालयात अभ्यासिका आहे, पण पुस्तकं कोणत्या जमान्यातले!" एवढं नेमकं दोन महिन्यांत कोणीच बोललं नव्हतं.

त्या वाचनालयाची तपासणी मॅडमनी केली. इन्कम टॅक्सच्या साइटवर ८०जी मंजुरी पाह्यली, दर्पण या संस्थांच्या सरकारी नोंदणीचा नंबर पाह्यला, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागितले. मले म्हणाल्या तुम्ही न सांगता संध्याकाळी जाऊन बसा. दोनदा गेलो. लाईट सुरू, पोरं बसलेले, कुलूप नाही. पण पोरी दोनच, अन् सात वाजता दोघी उठून गेल्या. ते मी तसंच सांगतलं.

देताना एक पत्र लिहायला लावलं त्यांनी, हे मले सर्वात कामाचं वाटलं. रक्कम कायम निधी म्हणून, मुद्दल मोडायची नाही, फक्त व्याजातून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, अन् पोरींसाठी एक टेबल राखीव. हे लिहून नाही देलं तर रक्कम साध्या देणगीत जमा होते अन् खर्चून जाते, कोणाची चूकही नसते त्यात. ताईनं पत्रात अजून एक ओळ घालायला लावली, पोरींची वेळ दुपारी एक ते पाच. वाचनालयवाले आधी कुरकुरले, मग कार्यकारिणीत ठराव करून कॉपी देली. जानेवारी २०२४ मधे चेक, त्यावर मायची सही. मे महिन्यात त्यांचं १०बीई, म्हणजे दान मिळाल्याचं सर्टिफिकेट आलं, मले त्याचा टॅक्सले उपयोग नाही, मायनं बाबांच्या पेन्शनच्या फाईलमधे लावलं.

सरपंच अजून कमानीचं इचारतात, मी हो-हो करतो.

२०२५ च्या जानेवारीत पहिलं व्याज आलं. ग्रंथपालांनी पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर धाडली, ताईनं त्यातले तीन काटले अन् पोलीस भरतीचे दोन संच टाकले.