टक्के नव्हे, पत्ता: मुलीच्या अमेरिकी हायस्कूल प्रवेशाचा माझा अनुभव

2022 च्या जूनमध्ये आम्ही ठाण्याहून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहायला आलो, तेव्हा आमची मुलगी नुकतीच नववी उत्तीर्ण झाली होती. ठाण्यातच राहिलो असतो तर दहावीचे बोर्ड, त्यानंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या, पसंतीक्रम आणि कट-ऑफ हे सारे ठरलेलेच होते. त्यामुळे इथल्या सरकारी हायस्कुलाची चौकशी करताना माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो प्रवेशाला किती टक्के लागतात हा. तिथे चार वर्षांपूर्वी हाच टप्पा पार केलेल्या एका परिचित बाईंनी हसून सांगितले की टक्के लागत नाहीत, पत्ता लागतो.

एडिसनमध्ये सरकारी हायस्कुले दोनच आहेत. गावाच्या उत्तरेकडील भागातील मुले जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात आणि दक्षिणेकडील मुले एडिसन हायस्कूलला. आपण कोणत्या रस्त्यावर घर घेतो यावरून शाळा ठरते, निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. प्रवेश परीक्षा घेणारी विज्ञान-अभियांत्रिकीची काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, एक अकादमीही याच गावात आहे. परंतु तिथला प्रवेश नववीसाठी असतो आणि आमची मुलगी दहावीत बसणार होती. आम्ही भाड्याने घेतलेले घर उत्तर भागात होते, म्हणून ग्रोव्ह अ‍ॅव्हेन्यूवरची जे. पी. स्टीव्हन्स ही आमची शाळा झाली.

गावात दोन हायस्कुले का, याचे उत्तर गावाच्या वाढीत आहे. एडिसनचे मूळ नाव रॅरिटन टाउनशिप. थॉमस एडिसन यांनी 1876 मध्ये या गावातील मेन्लो पार्क भागात प्रयोगशाळा थाटली आणि 1879 मध्ये तिथेच विजेचा दिवा यशस्वी केला, म्हणून 1954 मध्ये गावाने मतदान करून त्यांचे नाव घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या शेतांवर एका साच्यातली घरे उभी राहिली, 1948 मध्ये फोर्डचा मोटार कारखाना सुरू झाला, आणि 1950 साली साधारण 16 हजार असलेली लोकसंख्या 1960 मध्ये 44 हजारांवर गेली. तोवर गावाला स्वतःचे हायस्कूलच नव्हते; मुले शेजारच्या गावांतील शाळांत जात. एडिसन हायस्कूल 1956 मध्ये सुरू झाले आणि ते आठ वर्षांतच अपुरे पडून 1964 मध्ये जे. पी. स्टीव्हन्स उभे राहिले. आपल्याकडे एखादी जुनी शाळा म्हटली की संस्थापकांची तसबीर, लोकवर्गणी आणि शताब्दीचा फलक डोळ्यांपुढे येतो. ही शाळा मात्र नव्या वसाहतीतील मुलांची संख्या मोजून, घरपट्टीच्या पैशांतून बांधलेली आहे आणि आजही तिचा मोठा खर्च त्याच मालमत्ता करातून निघतो.

शाळेच्या नावाने मला थोडे थबकवले. हे नाव कापड उद्योगातील स्टीव्हन्स घराण्याचे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते आणि 1982 च्या संपानंतर घरी बसले ते कायमचेच. जे. पी. स्टीव्हन्स कंपनीच्या उत्तर कॅरोलायनातील रोनोक रॅपिड्स येथील गिरणी कामगारांनी 1974 मध्ये युनियनच्या बाजूने कौल दिला होता, परंतु कंपनीशी प्रत्यक्ष करार व्हायला 1980 उजाडले, हे मी पूर्वी वाचलेले होते. आजोबांच्या पणतीच्या ओळखपत्रावर एका गिरणीमालकाचे नाव यावे, याची गंमत वाटली आणि थोडे अवघडल्यासारखेही झाले. मुलीला मात्र शाळेच्या खेळाडूंना ‘हॉक्स’ म्हणतात एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटली.

नोंदणी शाळेत न होता शालेय जिल्ह्याच्या कार्यालयात होते. इथे शालेय जिल्हा म्हणजे फक्त हे गाव. आपला ठाणे जिल्हा डोळ्यांपुढे आणू नये. कागदपत्रांत सर्वांत जास्त भर पत्त्याच्या पुराव्यावर होता: भाडेकरार, विजेचे बिल, बँकेचे पत्र. आमचा भाडेकरार एकट्या यजमानांच्या नावे होता आणि मी एकटीच गेले होते, त्यामुळे एक फेरी वाया गेली. मी व्हिसाच्या कागदांची जाड फाइल सोबत नेली होती. खिडकीवरच्या बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. मुलाला शाळेत घेताना इमिग्रेशनची स्थिती विचारायची नाही, असा या राज्याचा नियम आहे. वयाच्या 5 ते 20 वर्षांपर्यंत त्या गावात राहणाऱ्या मुलाला शिक्षण विनामूल्य मिळते आणि त्यात भाडेकरू व घरमालक असा भेद नाही.

खरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याने केली. मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली असल्याने दाखला मराठीत होता आणि त्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, मग आईचे नाव अशी मांडणी होती. मी इंग्रजी भाषांतर करून घेतले, तरी ऑनलाइन अर्ज भरताना जन्मतारीख आपल्या सवयीने 05/11 अशी टाकली. 5 नोव्हेंबरला जन्मलेली माझी मुलगी त्यांच्या नोंदीत 11 मे रोजी जन्मली. पासपोर्टशी ताडून पाहताना हे त्यांच्याच लक्षात आले, आणि दुरुस्तीसाठी मला अर्ज नव्याने भरावा लागला. त्या बाईंना दाखल्याच्या भाषांतरातील ‘वर्तणूक: चांगली’ ही ओळ फार आवडली. हे कोण ठरवते, असे त्यांनी विचारले. प्रत्येकाच्याच दाखल्यावर ते असते, हे मी सांगितले नाही.

त्याहून जास्त दिवस लसीकरणाने खाल्ले. गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, कावीळ-बी यांच्या नोंदी पिवळ्या पडलेल्या कार्डावर होत्या. कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल म्हणजे एक प्रकारचा मेंदूज्वर यांची लस इथे येऊन टोचून घेतली. परदेशातून आलेल्यांना कागद पूर्ण करायला 30 दिवसांची सवलत मिळते, तिचा उपयोग झाला. क्षयाच्या चाचणीचे प्रकरण मात्र वेगळे निघाले. हातावर टोचून केलेली पहिली चाचणी दोन दिवसांत टम्म लाल झाली आणि माझ्या छातीत धडकी भरली. बाळपणी क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचलेल्या मुलांत ही चाचणी अशी खोटी सकारात्मक येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. मी डॉक्टरांना मुलीच्या डाव्या दंडावरचा तो गोल वण दाखवला, त्यांनी रक्त तपासायला पाठवले आणि अहवाल स्वच्छ आला. भारतातून मुले घेऊन येणाऱ्यांनी सुरुवातीलाच रक्ताच्या चाचणीविषयी विचारून घ्यावे.

घरी कोणती भाषा बोलता, असा एक फॉर्म असतो. खोटे लिहिले तर मुलीला इंग्रजीची चाचणी चुकेल, असा सल्ला मला एका हितचिंतकाने दिला होता. मी ‘मराठी’ असेच लिहिले. मग मुलीला ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही अंगांची चाचणी द्यावी लागली. त्यात ती सुटली आणि तिला इंग्रजीच्या जादा वर्गाची गरज नाही असे ठरले. तिला तशी गरज लागली असती, तरी त्यात लाजण्यासारखे काय होते, हे मला आजही कळलेले नाही. शिवाय फॉर्मवर लिहिलेला तो एक शब्द पुढे आमच्या उपयोगी पडला.

इथवरची धावपळ कागदांची होती. खरी परीक्षा सुरू झाली ती स्कूल काउन्सेलरच्या टेबलासमोर. आपल्याकडे दहावीत गेलेल्या मुलाचे विषय ठरलेले असतात आणि सारा वर्ग एकाच बाकांवर बसून तेच शिकतो. इथे ‘दहावीचा वर्ग’ अशी गोष्टच नाही. प्रत्येक मुलाचे वेळापत्रक वेगळे असते आणि मूल तासागणिक खोली बदलते. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला नववी ते बारावी या चार वर्षांत किमान 120 क्रेडिट लागतात. वर्षभर रोज एक तास चालणारा विषय साधारणपणे 5 क्रेडिटचा. त्यात इंग्रजीचे 20, गणिताचे 15, विज्ञानाचे 15, सामाजिक शास्त्रांचे 15, परकीय भाषेचे 5, कलेचे 5, व्यवहारोपयोगी विषयाचे 5 आणि आर्थिक साक्षरतेचे 2.5 ही क्रेडिटे सक्तीची आहेत, आणि शारीरिक शिक्षण तर चारही वर्षे चुकत नाही. मुलगी एक वर्ष उशिरा येत असल्याने तिच्या नववीला किती क्रेडिट द्यायची, हे आधी ठरवायचे होते.

इंग्रजी आणि विज्ञान यांचे लवकर जमले. गणिताने मात्र पेच टाकला. आपल्या नववीत गणित भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती, दोन्ही एकाच वर्षी अर्धे अर्धे शिकवतात. इथे पहिले वर्ष निव्वळ बीजगणित, दुसरे निव्वळ भूमिती आणि तिसरे पुन्हा बीजगणित असा क्रम असतो. म्हणजे माझ्या मुलीने दोन्ही विषय शिकले होते आणि त्यांच्या हिशेबाने एकही पूर्ण केला नव्हता. काउन्सेलरनी अभ्यासक्रम मागितला, तेव्हा मी बालभारतीच्या दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो काढून एकेका प्रकरणापुढे इंग्रजीत त्याचा मजकूर लिहून दिला. संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे इथपर्यंत त्यांची मान डोलत होती. वर्गसमीकरणे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. ती आपल्याकडे दहावीत येतात.

माझा आग्रह होता की तिला थेट तिसऱ्या वर्षाच्या बीजगणितात आणि तेही ऑनर्सच्या पातळीला बसवावे. जवळजवळ प्रत्येक मुख्य विषय इथे नेहमीची पातळी, ऑनर्स आणि त्यावर एपी म्हणजे महाविद्यालयीन दर्जाची पातळी अशा थरांत असतो, आणि आमच्या इमारतीतील प्रत्येक आई मला ऑनर्सवरूनच ओळख विचारत होती. एपीच्या परीक्षा दर मे महिन्यात होतात, गुण 1 ते 5 असतात आणि चांगल्या गुणांवर अनेक महाविद्यालये त्या विषयातून सूट देतात. दारावर टक्के न मागणाऱ्या या शाळेत चाळणी आत लावलेली आहे, हे मला त्या टेबलाशी कळले, आणि ठाण्यातल्या कट-ऑफच्या धाकाने शिकलेली मी ती चाळणी दिसताक्षणी मुलीला तिच्यात ढकलायला निघाले होते. काउन्सेलरनी वाद घातला नाही. त्यांनी तिला गणिताची एक चाचणी दिली. भूमितीतील सिद्धता तिने ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अशा आपल्या पद्धतीने नीट लिहिल्या होत्या. वर्गसमीकरणे कोरी होती. निर्णय मुलीनेच दिला: भूमिती घेते, आणि सुट्टीत वर्गसमीकरणे करते. बॅगेत वजनाची मारामार असतानाही तिच्या बाबांनी दहावीचे बीजगणिताचे पुस्तक कोंबून आणले होते. त्यातले दुसरे प्रकरण तिने ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर संपवले आणि पुढल्या वर्षी ती ऑनर्सच्या बीजगणितात बसली.

अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे घ्यावा लागतो, तो तिने निमूटपणे घेतला. आर्थिक साक्षरतेच्या तासाला कर आणि बचत हे विषय निघाले, तेव्हा नववीतल्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणामुळे तिला ते ओळखीचे वाटले.

राहिले परकीय भाषेचे 5 क्रेडिट. मी स्पॅनिश गृहीत धरले होते. काउन्सेलरनी तो भाषेचा फॉर्म समोर ठेवून विचारले की मुलीला मराठी लिहिता-वाचता येते का. दुसऱ्या भाषेतील प्रावीण्य मान्यताप्राप्त चाचणीने दाखवले, तर न्यू जर्सीत ती अट वर्गात न बसताही पुरी होते. त्यापुढे द्विभाषिक प्रावीण्याची राज्याची मोहोर, म्हणजे अधिकृत मान्यताही आहे. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये कायदा करून सुरू केलेली ही कल्पना न्यू जर्सीने 2016 मध्ये स्वीकारली. मराठीसाठी ‘स्टॅम्प’ नावाची संगणकावरची चाचणी उपलब्ध आहे. तिच्यात लेखनाचे आणि बोलण्याचे प्रत्येकी तीन प्रश्न असतात आणि मोहोरेसाठी पाचवी पायरी गाठावी लागते.

लेखनाची तिला भीती नव्हती, टंकलेखनाची होती. वहीत सुंदर अक्षर काढणाऱ्या मुलीला ‘ज्ञ’ कोणत्या कळांनी उमटतो हे माहीत नव्हते. ‘दुसऱ्या’ लिहायला गेली की पडद्यावर ‘दुसर्या’ उमटे, रफार ‘य’च्या डोक्यावर चढून बसे, आणि ती वैतागून माझ्याकडे पाही. तीन आठवडे ती रोज रात्री आजीला एक पत्र टंकित करून पाठवत असे. आजी त्यातल्या चुका लाल शाईने कागदावर उतरवून त्याचा फोटो परत पाठवत.

बोलण्याची तयारी आम्ही केलीच नाही, कारण मराठी तर घरी दिवसभर बोलतोच, अशी आमची समजूत होती. निकालात लेखनाला सहा आणि बोलण्याला काठावर पाच आले. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आई, आपण घरी पूर्ण वाक्य कधी बोलतो गं? तू म्हणतेस ‘झालं का?’, मी म्हणते ‘हो’. तिथे माझ्याकडे तेवढंच आलं.”