शेवटच्या चार धारा

गेल्या महिन्यात आई अंगणात घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. आधी आईची काळजी वाटली आणि लगेच मागोमाग आठवलं, चंद्रीची धार कोण काढणार? आण्णांच्या बोटांत आता तेवढा जोर राहिला नाही, आणि चंद्री आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही हे आमच्या अख्ख्या भावकीला माहितीय. महिनाभर घरून काम मागून घेतलं आणि त्याच रात्री सांगलीकडं कृष्णाकाठी आमच्या गावी, भिलवडीला उतरलो.

चंद्री म्हणजे आमची पंढरपुरी म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. शिंगं तलवारीसारखी लांब, मागं वळून पार खांद्यापलीकडं गेलेली. कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून ग्लास हातात देतात ना, तिथं बऱ्याचदा हीच जात असते, कारण सवय लावली की दिवसात केव्हाही पान्हा सोडते. पण सवय माणसाची असते. त्यात चंद्रीचं रेडकू या वेताला पंधरा दिवसांतच गेलं, तेव्हापासून ती फक्त आईच्या हातावर पान्हावते.

पहिल्या सकाळी साडेपाचला गोठ्यात गेलो. आंबोण पुढ्यात ठेवलं, कोमट पाण्यानं कास धुतली, चरवी गुडघ्यात धरली, सगळं नीट केलं. कानात इअरफोन होता, आदल्या दिवशीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकत होतो, म्हटलं तेवढाच वेळ वाचेल. दहा-बारा मिनिटं ओढत बसलो तरी चरवीचा तळ जेमतेम झाकला. चंद्री सारखी पाय बदलत होती, कान मागं घेत होती, शेवटी आंबोण पण सोडून उभी राहिली. डेअरीत माप झालं १.२ लिटर, फॅट ४.९. चिठ्ठी फाडता फाडता मापाडी म्हणाला, "धार कोण काढतंय रं?" आई पडल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, दुधावरनंच कळलं त्याला.

त्याचं कारण मला नंतर समजलं, म्हणजे आईनं तिच्या भाषेत सांगितलं आणि मी रात्री बसून वाचलं. म्हशीचं जवळपास सगळं दूध कासेत वर, बारीक बारीक पिशव्यांत असतं. गाईचं थोडं तरी खाली साठलेलं असतं, म्हशीचं अगदी नावाला. हाताची ओळख पटली, जीव शांत झाला की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि मग दूध खाली उतरतं, तेही चार-पाच मिनिटांपुरतंच. घाबरली, बिचकली की बंद. आणि फॅट सगळ्यात जास्त असतं ते शेवटच्या धारांत. पहिलं दूध पातळ, शेवटचं सायीचं. म्हणजे मी काढून नेलेलं ते नुसतं पहिलं, पातळ.

संध्याकाळी आई गळ्यात हात अडकवून गोठ्यात पोत्यावर येऊन बसली. "कानातलं काढ आधी. तिला कळतंय तुझं ध्यान कुटं हाय ते." मग तिची जुनी हिरवी साडी माझ्या खांद्यावर टाकली, म्हणाली, "वास माझा यिऊ दे, बोल तू." काय बोलू? "कायबी बोल, ती काय परीक्षा घेतीया व्हय." मी हळूहळू बोलत गेलो, पुण्यातल्या रूमचं, मेसचं, असंच कायतरी. आई मधनंच "सर गं बाय" म्हणायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते झालं. बोटांखाली सड एकदम भरून आला, गरम आणि घट्ट. चंद्रीची शेपटी सैल पडली, चघळणं मंद झालं. रिकाम्या चरवीत धार पडताना चुर्र चुर्र पातळ आवाज येतो, फेस चढला की तोच आवाज जाड होतो, खोल जातो, हे मी लहानपणापासून झोपेत ऐकत आलोय पण ऐकलं असं कधी नव्हतं. संपलं असं वाटून उठायला लागलो तर आई म्हणाली, "बस. अजून हाय." रिकाम्या झालेल्या कासेवरनं खालनं वर हलका हात फिरवला, थांबलो, आणि परत चार धारा आल्या, दाट. मला भरून आलं, खरंच सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ ची. आमच्या गल्लीत रात्रीच पाणी शिरलं. चंद्री तेव्हा रेडकू होती. आईनं विळ्यानं दावी कापली आणि कमरेएवढ्या पाण्यातनं तिला छातीशी धरून वरच्या शाळेवर नेलं, आठ दिवस तिथंच तिच्या शेजारी झोपली. मी तेव्हा पुण्यात मोबाईलवर पाण्याचे व्हिडिओ बघत बसलेलो.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरांच्या अभ्यासासाठी सुरू केलं त्यांनी, मोठी माणसं पण बाहेर येऊन बोलत बसतात म्हणे. ही बातमी मी पुण्यात मोबाईलवरच वाचली होती आणि पुढं सरकवली होती. आमच्या गावात भोंगा नाही, पण धारेच्या वेळी आता फोन कोनाड्यात असतो. ऑफिसचं काही अडलं नाही अजून तरी.

काल सकाळी माप झालं साडेतीन लिटर, फॅट ७.३. मापाड्यानं चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "आईचा हात बरा झाला वाटतं." म्हटलं न्हाई, अजून पंधरा दिवस हाय प्लास्टर. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढच्याची किटली घेतली.

घरी येऊन चिठ्ठी आईला दिली. तिनं डाव्या हातानं लांब धरून वाचली आणि भिंतीवरच्या तारेला बाकीच्या चिठ्ठ्यांत टोचून ठेवली.