नववी-दहावीचं विज्ञान सगळ्यांसाठी आखायचं तर

विज्ञानाच्या वार्षिक नियोजनाचा बहुतेक शाळांत एक ठरलेला क्रम असतो. आधी धडे महिन्यांत वाटायचे, मग प्रयोग, मग चाचण्या, आणि सगळं उरकलं की अगदी शेवटी एक रकाना: ‘विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी’. त्यात ‘जादा वेळ, पुढचा बाक, लेखनिक’ एवढं लिहिलं की झालं नियोजन सर्वसमावेशक! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नोंदले आहेत. ते सगळे एका रकान्यात कोंबणं म्हणजे कमालच आहे. माझं म्हणणं असं, की हा रकाना काढूनच टाकावा आणि पहिल्या रकान्याकडे, म्हणजे उद्दिष्टाकडे, परत जावं. घोळ तिथेच झालेला असतो.

नववीचा ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा घ्या. उद्दिष्ट बहुधा असं लिहिलेलं सापडतं: ‘लिटमसच्या रंगातील बदल पाहून आम्ल व आम्लारी ओळखणे.’ यातलं विज्ञान एवढंच, की आम्लामुळे किंवा आम्लारीमुळे दर्शक पदार्थात बदल होतो आणि तो आपल्याला टिपता येतो. रंग पाहणं ही टिपण्याची एक वाट झाली. उद्दिष्ट ‘दर्शक वापरून आम्ल व आम्लारी यांत फरक करणे’ असं लिहिलं की विज्ञान तसूभरही कमी होत नाही आणि इतर वाटा मोकळ्या होतात. हे फक्त अंध मुलांसाठी नाही. लाल-हिरव्या रंगांधत्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ते मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि दहावीपर्यंत त्या मुलाला स्वतःलाही त्याचा पत्ता नसू शकतो. लाल-निळा लिटमस त्याला बहुधा जमून जातो. सामू (पीएच, म्हणजे आम्लता किती ते सांगणारा अंक) पट्टीवरच्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या छटांपाशी तो अडकतो आणि शेजारच्याचं उत्तर उतरवतो.

दुसरी वाट वासाची. एक मध्यम कांदा बारीक चिरा, जाड सुती कापडाच्या आठ-दहा पट्ट्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण 100 मिली पाण्यात 0.4 ग्रॅम एवढं पुरतं. दोन्ही पट्ट्या पाण्यात खळबळून मगच हुंगायला द्या. आम्ल लागलेली पट्टी थेट नाकाशी न्यायची नाही. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो.

फसतं कुठे? सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी खाण्याचा सोडा वापरला की फसतं. त्याचा सामू 8 च्या आसपास असतो, तेवढ्यानं वास नीट जात नाही आणि मुलं ‘काहीच झालं नाही’ असं, अगदी खरं, निरीक्षण लिहितात. खिडक्या बंद असतील तर दहा मिनिटांत सगळ्या खोलीला कांद्याचा वास येतो आणि नाक बधिर होतं. सर्दी झालेलं मूल तर प्रत्येक तुकडीत असतंच. शिवाय स्वमग्न मुलांपैकी काहींना उग्र वास सहन होत नाही, आणि कांदा वर्ज्य असलेल्या घरची मुलंही वर्गात असतात. तेव्हा व्हॅनिला इसेन्सचे थेंब टाकलेल्या पट्ट्याही तयार ठेवाव्यात. व्हॅनिलीनचा आम्लारीशी क्षार होतो, क्षाराची वाफ होत नाही, म्हणून वास जातो. वरून आम्ल घातलं की तो परततो. मला तर लिटमसपेक्षा हे स्पष्टीकरण जास्त आवडतं, कारण इथे ‘का’चं उत्तर नववीच्या मुलाला देता येतं.

तिसरी वाट आवाजाची, आणि जास्त कष्ट घ्यावेत असं मला वाटतं ते इथे. प्रकाश कमी-जास्त झाला की सूर उतरतो-चढतो, असा एक शोधक शाळेत बनवता येतो. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात: 555 टायमर (आठ पिनांची चिप), एक एलडीआर (उजेड वाढला की रोध उतरणारा रोधक), 1 किलोओहमचा साधा रोधक, 0.1 मायक्रोफॅरडचा संधारित्र (त्यावर 104 छापलेलं असतं), पिएझो चकती (आवाज काढणारी) आणि 9 व्होल्टची बॅटरी. 8 आणि 4 या पिना बॅटरीच्या धनाला, 1 ऋणाला. रोधक 8 आणि 7 च्या मध्ये, एलडीआर 7 आणि 6 च्या मध्ये, 6 आणि 2 एकमेकींना जोडलेल्या, आणि तिथून संधारित्र ऋणाला. चकती 3 आणि ऋण यांच्यामध्ये. एलडीआरचा रोध 10 किलोओहम असताना साधारण 690 हर्ट्झचा सूर येतो, उजेड वाढून तो 5 किलोओहम झाला की 1300 च्या जवळ जातो. पूर्ण अंधारात नुसती टकटक ऐकू येते.

चुका दोनच होतात, पण हमखास होतात. दुकानदाराकडे ‘बझर’ मागितला की तो आत स्वतःचा आंदोलक असलेला बझर देतो. तो आपला एकच सूर धरून बसतो. ‘पिएझो चकती’ असंच मागायचं. दुसरी चूक म्हणजे एलडीआर आणि रोधक यांची अदलाबदल. मग लख्ख उजेडात एलडीआरचा रोध फार उतरतो, पिन 7 मधून जादा धारा वाहते आणि टायमर गरम होऊन जातो.

वापर पाहा. थर्माकोलच्या ठोकळ्यात परीक्षानळीपुरतं भोक पाडा, एका बाजूला एलईडी, समोर एलडीआर, वरून काळा कागद. कागद विसरलात तर ट्यूबलाइटचा उजेड आत शिरून सूर थरथरतो. नळीत चुन्याची निवळी भरा (खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी ओतून घ्यायचं) आणि शहाबादी फरशीच्या चुऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणारा वायू तिच्यात सोडा. निवळी दुधाळ होते तसा सूर उतरत जातो. वायू सोडत राहिलात तर कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होऊन द्रावण पुन्हा निवळतं आणि सूर पुन्हा चढतो. पांढरं झालं रे झालं की वही उघडणाऱ्या मुलांचं हे दुसरं अर्धं नेहमी राहून जातं. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा आम्लारीत येणारा गुलाबी रंग टिपायचा तर एलईडी हिरवाच हवा. गुलाबी द्रावण हिरवा प्रकाश शोषतं आणि लाल जाऊ देतं, त्यामुळे लाल एलईडीनं सूर जवळजवळ हलत नाही. नळी मात्र प्रयोगभर जागची हलता कामा नये, कारण गोल काच भिंगासारखी वागते. दहावीच्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या धड्यात हाच शोधक चालतो: एलडीआरवर बारीक भोकाचा काळा कागद लावून तो भिंगामागे मागे-पुढे सरकवला की जिथे सूर सर्वांत उंच, तिथे प्रतिमा.

द्रव मोजायला सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज घ्यावी. दट्ट्या 5 मिलीवर आणायचा आणि नळीच्या काठाला लागून दांड्यावर कानशीनं खाच पाडायची. दट्ट्या ओढताना खाच काठाशी आली, नखाला लागली, की 5 मिली. दांडा फुलीच्या आकाराचा असतो आणि तो फिरतो, म्हणून खाच चारही कडांवर हवी. हवेचा बुडबुडा राहू नये यासाठी एकदा भरून, टोक द्रवातच ठेवून, रिकामी करायची आणि पुन्हा भरायची.

स्पर्शानं वाचायच्या आकृत्यांत उत्साहाच्या भरात सगळं बिघडतं. नववीतली नेफ्रॉनची (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीची) आकृती जशीच्या तशी लोकरीनं चिकटवली तर बोटाखाली नुसता गुंता लागतो. तिचे दोन कागद करा: एकावर बोमन संपुट आणि नलिका, दुसऱ्यावर रक्तवाहिन्या. लोकर, सुतळी, सँडपेपर यांपैकी तीनपेक्षा जास्त पोत एका कागदावर नकोत. दोन रेषांत किमान 3 मिलिमीटर अंतर लागतं. नावाकडे जाणाऱ्या रेषा काढूच नका, बोट त्यांना नलिका समजतं. ब्रेलमध्ये एकच अक्षर भागाशेजारी लिहा आणि यादी वेगळ्या कागदावर द्या. ब्रेलचं अक्षर साधारण 6 मिलिमीटर उंच असतं, ते काही लहान करता येत नाही. आणि शिक्षकानं डोळे मिटून आकृती चाचपून पाहणं ही चाचणी नव्हे. चित्र आधीच त्याच्या डोक्यात असतं.

बधिर मुलांच्या बाबतीत साहित्यापेक्षा शिकवण्याचा क्रम बदलावा लागतो. शिक्षकाचे ओठ किंवा दुभाषकाचे हात, आणि परीक्षानळी, हे दोन्ही एकाच वेळी पाहता येत नाही. सांगा, थांबा, करा, थांबा, मग विचारा. एका प्रयोगाला यानं जादा वेळ लागतो, तो नियोजनात आधीच धरा. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा शब्दकोश 2021 पासून उपलब्ध आहे. धड्यातले पारिभाषिक शब्द धडा सुरू होण्याआधी ठरवून घ्यावेत. ध्वनीच्या धड्यात फुगवलेला फुगा स्पीकरसमोर दोन्ही तळव्यांत धरायला द्या, कंपन हाताला कळतं.

फर्निचरचं थोडक्यात सांगतो. उभ्यानं काम करायचं टेबल 90 सेंटिमीटरच्या आसपास असतं. चाकांच्या खुर्चीसाठी एक टेबल 75 सेंटिमीटरचं हवं, खाली 70 सेंटिमीटर मोकळी जागा, आणि ते नळापासून लांब कोपऱ्यात ढकललेलं नसावं.

‘घरी करून पाहा’ हा भाग मात्र कुणी तपासत नाही. त्यात घरी फ्रिज, रिकामा ओटा आणि दिवसभर हाताशी मोबाइल गृहीत धरलेला असतो. पर्वती पायथ्याच्या वस्तीतल्या एका खोलीच्या घरात हे तिन्ही असेलच असं नाही, आणि मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ला जोडून ‘तुमच्या घरातील तीन पिढ्यांचा तक्ता करा’ हा उपक्रम तर मी काढूनच टाकेन. वसतिगृहातल्या, दत्तक घेतलेल्या किंवा एकाच पालकाजवळ वाढणाऱ्या मुलाला त्यातून शिकण्याऐवजी लपवावं लागतं. एका काल्पनिक कुटुंबाची माहिती सगळ्यांना सारखी द्या. प्रभावी आणि अप्रभावी जनुकांचं गणित त्यावर जास्त स्वच्छ सुटतं.

परीक्षेची तयारी जूनपासूनच धरावी लागते. विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी 40 गुण आणि दोन तास. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटं वाढीव मिळायला हवीत, म्हणजे प्रत्येक भागाला 40 मिनिटं. पण लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला दहावीची समीकरणं ठाऊक नसतात. ‘बाण डावीकडून उजवीकडे, बाणावर उष्णता, वायूसाठी वर जाणारा बाण’ असं तोंडी सांगायचा सराव विद्यार्थ्याला वर्षभर हवा. हा सराव अख्ख्या वर्गाला जोड्यांनी द्यावा. ज्याला समीकरण समजलेलं नाही त्याला ते सांगता येत नाही, आणि हे चाचणीपेक्षा लवकर कळतं.

राहिला शाळेनं स्वतः टाइप केलेला मजकूर: स्वाध्याय, प्रश्नपेढ्या, नोट्स. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असेल तर स्क्रीन वाचकासाठी (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी) तो मराठीच नाही. तपासणं सोपं आहे: पीडीएफमधला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर एनव्हीडीए या स्क्रीन वाचकातूनही तोच ऐकू येतो. रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि रासायनिक सूत्रांतले खालचे अंक माणसानंच तपासायचे असतात. ‘कार्य’चा रफार गळून ‘काय’ झालं असेल तर ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा ऐकणाऱ्याला त्याचा थांग लागणार नाही. चित्र म्हणून चिकटवलेली समीकरणं वाचलीच जात नाहीत, ती पुन्हा टाइप करावी लागतात. हे काम एकट्या विज्ञान शिक्षकावर टाकू नये. धडे वाटून घेतले तर मे महिन्यात होऊन जातं.