आमची वाटचाल : एक शिलाई युनिट आणि दोन वह्या

शिलाई युनिट काढायचं ठरलं तेव्हा जो तो एकच विचारायचा, ट्रस्ट का करत नाही? कर्णबधिर कारागीर असणार म्हणजे देणग्या येतील, मशीनही कोणीतरी देईल. पण देणगीदाराचा उत्साह ओसरला की पगार अडकतात. गिऱ्हाइकाने माल पारखून पैसे मोजावेत, कीव येऊन नव्हे, या हट्टापायी आम्ही भागीदारी फर्म नोंदवली. करारात एक कलम मात्र घातलं. नफा आधी धंद्यात आणि प्रशिक्षणात जाईल, उरला तर भागीदारांना.

सुरुवात हॉस्पिटलच्या चादरींच्या जॉबवर्कने झाली. चादरीला दुमड घालून शिवायला कोणीही तयार असतो, त्यामुळे दर पाडून मागितला जायचा. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तगलो, इतकंच.

वळण आलं ते दिव्यांमुळे. बॉबिन संपली, सुई बोथटली की ऐकू येणारा कारागीर मशीनच्या आवाजावरून ओळखतो. आमचे लोक टेबलाच्या थरथरीवरून ओळखतात, आणि अचूक ओळखतात. अडायचं पुढे. सुपरवायझरला हाक कशी मारणार? म्हणून प्रत्येक मशीनवर हिरवा, पिवळा आणि लाल दिवा बसवला, बटण गुडघ्याजवळ. बंडल संपत आलं की पिवळा, काम थांबलं की लाल. सुई मोडली तरी लालच, आणि तिचे सगळे तुकडे सापडून रजिस्टरमध्ये चिकटवल्याशिवाय तो विझवायचा नाही. सोय केली होती कारागिरांची, पण माल कुठे तुंबतोय हे आम्हालाही दारातूनच दिसायला लागलं. खोळंबा कमी झाला, आणि चादरींवरून सर्जिकल गाऊनवर जायची हिंमत आली.

गाऊनच्या नाड्या धुण्यात उखडतात, ही लॉन्ड्रीवाल्यांची जुनी रड. कोणी मागितलं नव्हतं तरी नाडीच्या मुळाशी बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाक्यांची मजबुती, मारून नमुने पाठवले. गळ्याची पट्टी साइजप्रमाणे वेगळ्या रंगाची करायची कल्पना आमच्याच एका कारागिराची. लेबल न वाचता घडी लावता येते म्हणून एका हॉस्पिटलच्या स्टोअरमधल्या सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, "अहो, हे आधी कोणाला का सुचलं नाही?"

मॅनेजमेंटची एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी आली होती. या सगळ्याला तिच्या अभ्यासक्रमात 'उद्योजकीय अभिमुखता' म्हणतात. नाव जड आहे, मुद्दा कामाचा. डॅनी मिलर या संशोधकाने १९८३ मध्ये तीन गोष्टी एकत्र मांडल्या : नावीन्य, जोखीम आणि इतरांच्या आधी पाऊल टाकणं. लंपकिन आणि डेस यांनी १९९६ मध्ये स्वायत्तता आणि स्पर्धेतली आक्रमकता जोडली, आणि या पाचही गोष्टी एकदम वाढायलाच हव्यात असं नाही, हेही सांगितलं. मला पटलं ते हेच. २००९ मध्ये ५१ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत १४ हजारांहून जास्त कंपन्या होत्या. अशी वृत्ती आणि धंद्याची कामगिरी यांचा सहसंबंध निघाला ०.२४ च्या आसपास (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे वृत्तीचा उपयोग आहे, पण नुसत्या वृत्तीवर दुकान चालत नाही.

आमच्यासारख्यांनी पाचांतलं काय किती घ्यायचं, हा खरा प्रश्न. नावीन्य हवं तेवढं घ्यावं. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची आयात केलेली भिंगं परवडेनात, तेव्हा १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅबमध्ये स्वतःच भिंगं बनवायला घेतली. हेतू सेवेचा म्हणून धाडस कमी करायचं कारण नाही. जोखीम मात्र कोणाच्या डोक्यावर टाकतोय ते बघावं लागतं. बारटॅक मशीनच्या कर्जाला जामीन भागीदार आहेत. पगाराचा राखीव पैसा वेगळ्या खात्यात असतो, नव्या कल्पनेसाठी त्याला हात लावायचा नाही.

आक्रमकता आम्ही जवळजवळ सोडूनच दिली. एका मोठ्या खरेदीदाराने दर इतका खाली मागितला की शिकाऊ लोकांच्या जागा बंद कराव्या लागल्या असत्या. ऑर्डर सोडली. शेजारच्या युनिटने ती घेतली आणि वर आम्हाला शहाणपणही शिकवलं!

कामगिरी मोजायला आमच्याकडे दोन वह्या आहेत. पहिलीत विक्री, रिजेक्शन, उधारीची वसुली. दुसरीत माणसं : कोण शिकलं, कोण टिकलं, कोणाला बाहेर काम मिळालं. आमची सर्वांत तरबेज ऑपरेटर मोठ्या कारखान्यात लाइन इनचार्ज झाली, तेव्हा पहिल्या वहीत चक्क खड्डा पडला आणि दुसरीत वर्षातली सगळ्यात चांगली नोंद झाली. दुसरी वही फुगवणं फार सोपं असतं. आमच्याशिवायही ज्याला नोकरी मिळालीच असती, त्याचं श्रेय लावून घेता येतं. म्हणून भरतीत पहिला नंबर लागतो तो बाकी ठिकाणांहून नकार घेऊन आलेल्यांचा. त्यांच्या शिकण्यात कापड वाया जातं, आणि तो खर्च पहिल्या वहीत पडतो.

सध्या भागीदारांत वाद आहे तो दुसऱ्या युनिटचा. मागणी आहे, जागाही बघून ठेवली आहे, पण खुणांची भाषा येणारा सुपरवायझर मिळत नाही, आणि आहे त्यातला एक हलवला तर इथली लाइन लंगडी होते. तूर्त दोन कारागिरांना सुपरवायझरचं काम शिकवतोय. बारटॅकचा हप्ता फिटला की पुन्हा बसू.