रोबोटला वास येत नाही, गॅस गेलेला कळतो
थिएटरबाहेर पेशंटच्या मुलानं विचारलं, "मशीनच ऑपरेशन करणार म्हंजे डॉक्टर चहाला जाणार काय?" त्याला सांगितलं, कन्सोलवर, म्हंजे डॉक्टर बसून रोबोट चालवतात तिथं, डॉक्टरांची बोटं हलल्याशिवाय ते मशीन सूतभरही सरकत नाही. कोल्हापुरात हा प्रश्न अजून रोज येतो.

बाई कागलकडच्या, आधीचं एक सिझर, गाठींमुळं गर्भपिशवी दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी. ती रोबोटनं काढायची होती. मी टेबलाशेजारचा असिस्टंट. पोटात गॅस भरल्यावरच पोर्टच्या, म्हंजे अवजारं आत घालायच्या नळ्यांच्या, खुणा केल्या, कारण पोट फुगलं की अंतरं बदलतात. ८ मिमीचे चार पोर्ट, मध्ये ८ सेंमी. जवळ घेतले की रोबोटचे हात एकमेकांवर आपटतात. डोकं २५ अंश खाली. पाठीखाली फोम थेट अंगाला, मध्ये चादर नाही. रोबोटचे हात पोर्टला जोडल्यावर पेशंट घसरली तर पोर्टच्या जखमा ताणून फाटतात.

मूत्राशय सिझरच्या वणाला घट्ट चिकटलेलं. कन्सोलवर सगळं मोठं आणि खोलीसकट दिसतं, पण ओढ हाताला लागत नाही. ऊतक पांढरं पडलं की ओढ जास्त झाली, एवढीच खूण. कॅथेटरमधून २०० मिली सलाइन सोडलं, तेव्हा मूत्राशयाची कड स्पष्ट दिसली. खालून मॅनिप्युलेटरचा (योनीमार्गातून पिशवी हलवायच्या दांड्याचा) कप वर दाबून धरला, म्हणजे मूत्रनलिका पिशवीच्या धमनीपासून लांब राहते. हा दाब ढिला पडला तर वरचं सगळं कौशल्य वाया.

योनीमार्ग गोल कापून पिशवी खालून काढली आणि मॉनिटरवर पोटातल्या गॅसचा १२ चा दाब ५ वर आला. पोट बसलं, आतडी कॅमेऱ्यापुढं. योनीमार्गात गॅस अडवणारा फुगा व्हल्सेलमच्या (पकडायच्या चिमट्याच्या) दातावर फाटला होता. दुसरा फुगा उघडेपर्यंत थांबायचं कशाला? साडेसात नंबरच्या हातमोज्यात दोन ओले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) भरले, मनगटाशी गाठ मारली, योनीमार्गात सरकवला. मिनिटाभरात दाब पुन्हा १२.

योनीमार्गाचं तोंड शिवायचे टाके काटेरी धाग्याचे, कडेपासून सेंटीमीटरभर आत. कड करंटनं भाजलेली असते. तिच्यातच टाका घेतला तर पुढं उसवतो.

सिस्टरनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: "खाली १ हातमोजा, २ मॉप." हातमोजा बाहेर काढून, कापून दोन्ही मॉप त्यांच्यासमोर धरले, तेव्हाच त्यांनी ती ओळ पुसली.